एकोणीस संपलं, तीस लागलं नाही: खान्देशच्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी (जिल्हा परिषद), मा. जिल्हा शल्य चिकित्सक, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जळगाव, धुळे व नंदुरबार

विषय: तरुण मुलगे मानसिक आरोग्यासाठी दवाखान्यात ‘येतच नाहीत’, याबाबत.

स. न. वि. वि.

दर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे फलक लागतात. कॉलेजात व्याख्यान होतं, मुलांना सांगितलं जातं की मन मोकळं करा, मदत मागायला लाजू नका. पुढचे अकरा महिने बैठकांमधून एकच वाक्य ऐकू येतं: ‘सेवा आहे हो, पण तरुण पोरं येतच नाहीत.’ हे वाक्य आता अहवालांतही कारण म्हणून लिहिलं जाऊ लागलं आहे. ते आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही समुपदेशक, आरोग्यसेवक, शिक्षक आणि औषध दुकानदार आहोत. आमच्यातले काही सरकारी सेवेत असल्याने नावं देत नाही. ज्या मुलांबद्दल हे वाक्य बोललं जातं ती आमच्या वर्गात बसतात, आमच्या काउंटरसमोर उभी राहतात, सकाळी भरतीच्या ग्राउंडवर धावतात. त्यात आमचे पुतणे-भाचेही आहेत.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. गेलेल्या दर १० माणसांत ७ पुरुष होते आणि एकूण संख्येतला साधारण एक तृतीयांश भाग १८ ते ३० वयाचा होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेच नसल्याचं दिसलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. आपल्या शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. राज्याने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. कापूस इकडेही पिकतो, कर्ज इकडेही होतं, पण यादीत खान्देश नव्हता. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. पाचवं इकडे द्या, ही आमची मागणी नाही. आमचं दुखणं त्याहून लहान आहे आणि जिल्ह्याच्या पातळीवर सुटण्यासारखं आहे.

आमची पहिली तक्रार वयाची आहे, आणि बाकीच्या तक्रारी बऱ्याच अंशी तिच्यातूनच निघतात.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. तो १० ते १९ वयासाठी आहे. मुलगा विसाव्यात गेला की त्याचा या कार्यक्रमाशी संबंध संपतो. पुढे आशाताई घरोघर जाऊन जो सीबॅक फॉर्म (आजारांच्या प्राथमिक तपासणीची प्रश्नावली) भरतात त्यात रक्तदाब, साखर, कर्करोगाच्या लक्षणांसोबत मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज जास्त आली की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं. पद्धत चांगली आहे, फक्त हा फॉर्म वय वर्षं ३० आणि त्यापुढच्यांसाठी आहे. म्हणजे वीस ते एकोणतीस या दहा वर्षांत निरोगी दिसणाऱ्या मुलाला सरकारी यंत्रणेतलं कोणी, नियमित भरल्या जाणाऱ्या कोणत्याही कागदावर, ‘तुला झोप लागते का’ एवढंही सहसा विचारत नाही. त्याच वयाच्या बाईची गरोदरपणात, बाळंतपणात, बाळाच्या लसीच्या वेळी निदान भेट तरी होते. (तिचं मन विचारलं जातं का, हा वेगळ्या पत्राचा विषय.) मुलगा मात्र गाडीवरून पडला किंवा त्याला साप चावला तरच दवाखाना पाहतो.

आणि याच दहा वर्षांत त्याच्यावर सगळं येऊन पडतं. पोलीस भरतीचं १६०० मीटर आणि गोळाफेक, तिथे एकदोन गुणांनी जाणारी जागा. अभ्यासिकेतली चार-पाच वर्षं. केळीवर मोझॅक विषाणू आला की उपटून टाकलेली बाग. बापाच्या नावावरचं पीककर्ज आणि पोराच्या मोबाइलवरचं ॲपचं कर्ज, जे घरात कोणाला माहीत नसतं. शेती करतो म्हटल्यावर परत येणारा लग्नाचा बायोडाटा.

पोरं मदत मागत नाहीत, हेही खरं नाही. ती रोज मागतात, तुमच्या नोंदवहीपर्यंत पोचत नाहीत एवढंच. मेडिकलच्या काउंटरवर येऊन सांगतात, ‘भो, रातभर झोप येत नही’, ‘डोकं जड व्हई जास’, ‘छातीमा धडधड व्हस’. गॅसची गोळी, डोकेदुखीची गोळी नेतात. काही जण मित्राने सांगितलेलं नाव घेऊन अल्प्राझोलम मागतात. ती चिंतेवरची, झोप आणणारी, शेड्यूल एच-१ मधली गोळी आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरला नोंद करावी लागते. तरीही ती मिळते, हे आमच्यातला औषध दुकानदारच सांगतो. काही आठवड्यांत तिची सवय लागते. मग मूळ त्रास बाजूला राहतो आणि गोळी सुटत नाही हा नवा त्रास सुरू होतो.

दुसरा रस्ता बस स्टँडमागच्या भिंतीवर रंगवलेला असतो. ‘गुप्तरोग, कमजोरी, धातू जाणे, खात्रीशीर इलाज’. ठरलेल्या वारी लॉजच्या खोलीत बसणाऱ्या या माणसाकडे अविवाहित मुलगा जातो, कारण तिथे कोणी ओळखीचं नसतं, त्याला आत घेतात, दार लावतात आणि त्याचं ऐकून घेतात. (आपल्या ओपीडीत यातली किती कामं होतात, ते आपणच तपासावं.) बाहेर पडताना त्याच्या हातात हजारोंच्या पुड्या असतात आणि डोक्यात एक खोटी भीती कायमची बसलेली असते. झोप न लागणं, थकवा, निरुत्साह ही उदासीनतेची लक्षणं ‘कमजोरी’ या नावाखाली विकली जातात. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. भिंती सगळ्यांना दिसतात. कारवाई आम्हाला दिसली नाही.

सातपुड्यात पहिला मान भगताचा. त्याबद्दल भगताला दोष देण्यात अर्थ नाही. तो गावात राहतो, रात्री उठवला तर येतो आणि घरच्यांना बरोबर बसवून बोलतो. त्याच्यापुढे दवाखाना उभा राहायचा तर दवाखान्यालाही यातलं काहीतरी करावं लागेल.

आता ओपीडीकडे येऊ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असं पथक धरलेलं आहे, आणि या पथकाने ठरल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी जायचं आहे. यात नेमकं काय बिघडतं ते क्रमाने सांगतो, कारण ‘पोरं येत नाहीत’ या वाक्याचा बराचसा उलगडा इथेच होतो.

ठरलेला दिवस गावात कोणाला माहीत नसतो. माहीत असला आणि पोरगं गेलं, तर त्या दिवशी डॉक्टर दिव्यांग प्रमाणपत्राच्या कामात अडकलेले असू शकतात. एकच तज्ज्ञ आणि दोन कामं, म्हटल्यावर प्रमाणपत्राची रांग जिंकते. वेळ सकाळची, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली किंवा मिलमध्ये खाडा पडला. केसपेपरच्या खिडकीवर ‘कुठे दाखवायचं?’ असं मोठ्याने विचारतात आणि त्याला चार माणसांत ‘मानसोपचार’ म्हणावं लागतं. खिडकीपाशी गावचं कोणीतरी असतंच. संध्याकाळपर्यंत गावात ‘अमक्याचा पोऱ्या डोक्याच्या डॉक्टरकडे दिसला’ हे पोचतं आणि येणारं स्थळ येत नाही. खोलीत गेल्यावर दार उघडं, पुढचा रुग्ण पडद्याजवळ उभा, तपासणी तीन मिनिटं. मुलगा ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून गप्प बसतो. त्याला बोलायचं नसतं असं नाही, पण त्या खोलीत बोलण्यासारखं काही नसतं. एवढा हिशोब करून जो मुलगा पुन्हा येत नाही, त्याला लाजाळू किंवा अडाणी ठरवणं बरोबर नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत ती मुलं नाशिकला, सुरतला, इंदूरला खाजगीत दाखवून येतात आणि घरी मित्राकडे गेलो होतो म्हणून सांगतात. ज्यांच्याकडे नाहीत, ती राहतात.

यावर उपाय महाग नाहीत. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी ४ ते ८ ओपीडी. दारावर विभागाचं नाव नको, खोलीचा क्रमांक पुरे. हाक नावाने न मारता टोकनने मारा. पाटी लावायचीच तर ‘तरुण तपासणी’ अशी लावा. वजन, झोप, पित्त, डोकेदुखी, केस, त्वचा, दारू-गुटखा, सगळं एकाच खोलीत विचारा. पोरं त्वचेसाठी आणि केसांसाठी येतात, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. एकदा आत आली की बाकीचं बोलतात. पहिल्या भेटीला किमान २० मिनिटं द्या आणि दार लावा. गावपातळीवर हे काम एकट्या आशाताईंवर टाकू नका. गावात त्या कोणाच्या तरी वहिनी किंवा काकू असतात आणि बावीस वर्षांचा मुलगा काकूला मनातलं सांगत नाही. उपकेंद्रातला पुरुष आरोग्यसेवक यासाठी योग्य माणूस आहे. मलेरियाच्या रक्तपट्ट्या गोळा करत तो तसाही गावभर फिरतो.

विचारायचं कसं, हेही शिकवावं लागतं. ‘उदास वाटतं का?’ या थेट प्रश्नाला मुलग्यांचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं, म्हणून सीबॅकमधले दोन प्रश्न जसेच्या तसे त्यांना लागू पडत नाहीत. तरुण पुरुषांत उदासीनता पुष्कळदा रागातून, वाढलेल्या पिण्यातून, बेफाम गाडी चालवण्यातून, अंगदुखीतून आणि ग्राउंड किंवा अभ्यासिका अचानक सोडण्यातून दिसते. क्रम असा ठेवा: आधी अंग, मग झोप आणि भूक, मग काम, मग पैसे, मग राग आणि दारू, त्यानंतर मन. शेवटी ‘मरून जावं असं वाटतं का?’ हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की सुटल्यासारखं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं एक माणूस त्याच्या संमतीने बोलवायचं, फवारणीचं औषध घरातून हलवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत सोबत जायचं. चिठ्ठी देऊन पाठवलं तर तो पोचत नाही.

औषधांबाबत आमची तक्रार सगळ्यात जुनी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम १८ प्रमाणे आवश्यक यादीतली मानसिक आजारांची सगळी औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सर्वकाळ मोफत मिळायला हवीत. जिल्ह्यात सेवाच उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, हेही त्याच कलमात आहे. प्रत्यक्षात पाच-सात दिवसांच्या गोळ्या हातात पडतात, ‘बाकीच्या बाहेरून घ्या’ असं सांगितलं जातं, किंवा गेल्या वेळची गोळी या वेळी संपलेली असते.

पाच दिवसांच्या गोळ्यांनी काय होतं? फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या उदासीनतेवरच्या गटातल्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो: मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा, पोट बिघडणं. म्हणजे पाच दिवसांत मुलाच्या वाट्याला त्रास सगळा येतो, गुण काहीच येत नाही. तो गोळ्या फेकतो आणि मित्रांना सांगतो की सरकारी गोळीने डोकं फिरतं. या गोळ्यांनी काहींची लैंगिक इच्छा कमी होते किंवा वीर्यपतनाला उशीर लागतो. ते आधी कोणी सांगत नाही, मुलगा डॉक्टरांना विचारत नाही आणि थेट त्या भिंतीवरच्या लॉजमध्ये जातो. आधी सांगितलं असतं की मात्रा किंवा गोळी बदलून यावर मार्ग निघतो, तर तो टिकला असता. पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या काळात अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा भेट किंवा निदान फोन हवाच. बरं वाटल्यावरही पहिल्या वेळी साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते. मध्येच बंद केली तर चक्कर येते, झटके बसल्यासारखं वाटतं, आणि मुलाला वाटतं की गोळीची सवयच लागली होती. या गोळ्या झोपेच्या नाहीत आणि त्यांची नशा होत नाही. एवढं एका पानावर सोप्या मराठीत छापून प्रत्येक पाकिटासोबत द्यायला किती खर्च येतो?

दारूचं थोडक्यात, कारण त्या बाजूने जीव जातात. रोज भरपूर पिणाऱ्या मुलाला घरचे खोलीत कोंडून दारू बंद करतात. पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊन तो दगावू शकतो. दारू सोडवणं हे दवाखान्यात, जीवनसत्त्व बी-१ आणि देखरेखीसह करायचं काम आहे. भाजीत नकळत ‘दारू सोडवायचं औषध’ घालणं तर सरळ धोक्याचं आहे. त्यातलं औषध डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळतो. हेच फलकांवर लिहा, पोरांना बोलायला सांगण्याआधी.

विषबाधेनंतर वाचलेल्या मुलांकडे आपण जसं पाहता ते आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. शेतीच्या जिल्ह्यांत अशी मुलं ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला येतात, पोट साफ होतं, श्वास सांभाळला जातो, पोलीस जबाब घेतात आणि शुद्धीवर आलं की सुट्टी. कार्डावर ‘विषबाधा’ लिहिलेलं असतं, मनाबद्दल ओळही नसते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणून उपचार आणि पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंही नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे. तरीही गावागावात ‘केस होईल’ या भीतीने घरचे चुकून पोटात गेलं म्हणून सांगतात, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हमखास. ही भीती काढण्याचं काम पोलीस अधीक्षकांच्या एका पत्रकाने होऊ शकतं.

नंतर काय करायचं तेही ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक साधी पद्धत तपासली, त्यात आपलं चेन्नईही होतं. सुट्टीआधी तासाभराचं बोलणं, आणि नंतर १८ महिन्यांत नऊ वेळा संपर्क: १, २, ४, ७ आणि ११ व्या आठवड्याला, मग ४, ६, १२ आणि १८ व्या महिन्याला. फोन किंवा भेट, काहीही चालतं. अशा संपर्कात राहिलेल्यांत नंतर आत्महत्येने झालेले मृत्यू कमी आढळले. तिथे ना महागडं यंत्र होतं ना नवी इमारत. एक समुपदेशक, एक फोन आणि एक वही पुरते. घरातलं फवारणीचं औषध हा दुसरा भाग. श्रीलंकेने सर्वाधिक घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी खाली आलं. बंदी जिल्ह्याच्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पण कृषी सहाय्यकामार्फत कुलपाची पेटी देता येते, उरलेलं औषध माळ्यावर न ठेवता परत घेण्याची सोय कृषी केंद्रांवर करता येते.

नंदुरबारचं वेगळं सांगावं लागतं. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडची पोरं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीच्या सुमारास परततात. शिबिर जानेवारीत लावून ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असा अहवाल लिहिणं सोपं आहे. शिबिर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात लावा, तेव्हा सगळा तरुण वर्ग डोंगरात असतो. धुळे-जळगावच्या बाजूची सुरत-नाशिकला कामाला असलेली मुलं श्रावणात कानबाईच्या सणाला घरी येतात, आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेलाही) येतात. त्या सणांच्या दिवसांत आरोग्य मंदिर (गावचं सरकारी आरोग्य केंद्र) उघडं ठेवता येईल का, ते पाहा. समुपदेशक अहिराणी, भिलोरी, पावरी बोलणारा हवा. प्रमाण मराठीत मनातलं सांगायला लावणं म्हणजे त्या पोराची आधी परीक्षा घेणं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे, चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्याला आज गरज आहे त्याने आजच लावावा. पण त्याच्या भाषांत अहिराणी, भिलोरी, पावरी नाहीत, आणि सातपुड्याच्या बऱ्याच पाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं.

विद्यार्थ्यांपुरतं सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी स्पष्ट निर्देश दिले आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत, शिकवणी वर्ग धरून, किमान एक पात्र समुपदेशक हवा. वर्षातून दोनदा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हवं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती हवी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या समितीवर कोण आहे, ती कधी बसली, काय ठरलं, हे संकेतस्थळावर टाकावं. खाजगी अभ्यासिका आणि भरतीची ग्राउंडं या निर्देशांतून निसटू नयेत. तिथल्या प्रशिक्षकांना दोन तासांचं शिक्षण पुरेसं आहे: कोण गप्प झालं ते ओळखणं, बाजूला घेऊन विचारणं, सोबत नेणं.

आमच्या मागण्या:

१. आरोग्यसेवकांमार्फत २० ते २९ वयाच्या मुलग्यांची वर्षातून एकदा चौकशी जिल्हा पातळीवर सुरू करावी. राज्याच्या आदेशाची वाट पाहू नये.

२. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी ओपीडी, टोकन, बंद दार. तिचं वेळापत्रक एसटी स्टँडवर आणि ग्रामपंचायतीत लावावं. प्रमाणपत्राचा दिवस वेगळा असावा.

३. नियमित रुग्णाला ३० दिवसांच्या गोळ्या, मरणाचे विचार असलेल्याला आठवड्याच्या आणि त्याही घरच्यांच्या हाती. साठा शून्य झाला की ती तारीख जाहीर व्हावी.

४. विषबाधेतून वाचलेल्या कोणालाही समुपदेशकाने भेटल्याशिवाय सुट्टी नको. पुढचे नऊ संपर्क वहीत नोंदवावेत.

५. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त राहते. केसपेपर कोण पाहू शकतं, कोण पाहू शकत नाही, हे एका पानावर लिहून प्रत्येक खिडकीवर चिकटवावं. पोरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

६. गुप्तरोगाच्या जाहिराती पुसाव्यात आणि त्या लावणाऱ्यांवर १९५४ च्या कायद्याखाली कारवाई व्हावी.

७. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या मानसोपचार विभागाकडून तालुक्याच्या ओपीडीला डॉक्टर मिळतील अशी लेखी व्यवस्था करावी.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवा निधी लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. जिथे पद रिक्त म्हणून अडतं तिथे कोणतं पद किती महिन्यांपासून रिक्त आहे ते कळवावं. ते भरण्यासाठी मुंबईला पत्र लिहायला आम्हीही तयार आहोत. प्रत्येक जिल्ह्याने आपलं उत्तर स्वतंत्र, लेखी आणि जाहीर द्यावं. येत्या १० ऑक्टोबरच्या आत आलं तर त्या दिवशी फलकाऐवजी तेच चौकात लावता येईल.

आपले,
खान्देशातले काही समुपदेशक, आरोग्यसेवक, शिक्षक व औषध दुकानदार